रकाना सतरा

तालुक्याहून तक्ता आला आहे.
रकाना सोळा : गावात शौचालये किती.
रकाना सतरा : गावाचा इतिहास, चार ओळींत.
रकाना अठरा : मोकाट कुत्री.

सोळा आणि अठरा मी चहाआधीच भरले.

गावाचं नाव वेल्हवद बुद्रुक.
बुद्रुक म्हणजे थोरलं, शब्द फारसी,
असं शाळेत जमादार सर सांगायचे.
घोड्यावरूनच कुणी बोट दाखवलं असेल,
हे थोरलं, ते धाकटं,
आणि दोघांचा सारा लिहून घेतला असेल.
घोडा गेला. बुऱ्हाणपूरचा दरबार गेला.
शब्द एसटीच्या पाटीवर राहिला,
अर्धा खरवडलेला.

पण थोरलं आहे, तर धाकटं कुठे आहे?

नकाशात नाही. सातबाऱ्यात नाही.
दप्तरातला सगळ्यात जुना कागद मोजणीचा,
कसरीने कडा कुरतडलेला.
गोऱ्या साहेबानं पांझरेच्या काठानं साखळी ओढली,
दुसरं टोक धरायला गावचा एक पोरगा.
त्या पोराचे पणतू आज साखळे आडनाव लावतात,
किराणा दुकान आहे, उधारी बंद आहे.
साखळी बंधाऱ्यापाशी थांबलेली दिसते.
पलीकडे साहेबानं नुसतं हिरवं फासलं आहे.

मग कुठल्या परक्या मुलखात लढाई पेटली
आणि इथे कापूस सोन्याच्या भावानं गेला.
हिलाल पाटलानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या.
लढाई मिटली. शेंब्या धुळ्याला विकल्या.
बैलांनी बरेच दिवस मान वाकडी धरली म्हणे,
ओझं गेल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

(हे चार ओळींत कसं बसवायचं?)

झिपरू आप्पा म्हणाले, खुर्द गाठीच्या तापात गेलं.
माणसं शेतात झोपड्या घालून राहिली,
मग झोपड्यांतही राहिली नाहीत.
रहेमतबी पिंजारीण म्हणाली,
"पान्यामा गयं, बाई. एक रातमा.
आते काय इचारस?"
जंगलू मालचे हसला.
म्हणाला, आम्ही डोहावर मासे भाजत होतो
तेव्हा तुमचं थोरलंही नव्हतं.
त्याचं नाव कुठल्याच कागदात नाही,
म्हणून त्याला घाई नाही.

संध्याकाळी धुडकू पाटकऱ्याला विचारलं.
तो कुदळीचा दांडा ठोकत होता.
"आज ये," म्हणाला, "आज खुर्दनी पाळी शे."

अकरा रात्री आमच्या फडांच्या.
बारावी खुर्दाची.
त्याच्या बापानं सोडलं, बापाच्या बापानं सोडलं,
वर धरण झालं, पाट बोटभर वाहू लागला,
इथे बोअरवेल दोनशे फुटांवर धूळ ओकते,
दोनदा ग्रामसभेत यावरून खुर्च्या उडाल्या,
तरी बाराव्या रात्री धुडकू
बंधाऱ्याच्या तिसऱ्या मोरीतली चिखलाची बोळी काढतो.

मी बॅटरी धरून मागे उभी होते.
पाणी आधी थबकलं,
मग वाट आठवल्यासारखं डावीकडे वळलं,
जिथे घर नाही, शेत नाही,
नुसत्या बाभळी आहेत,
तालुक्यात कुठे नसतील इतक्या हिरव्या.
बेडूक आधीच येऊन बसले होते.

"कुणासाठी सोडतोस?"
धुडकूनं हात धुतले.
"पाळी त्यास्नी शे," म्हणाला,
"मी कोन बंद करनारा?"

सकाळी तक्ता पुन्हा उघडला.
सतरा कोराच ठेवला.
रकाना तीन : गावाची इतर वस्ती.
तिथे मी परवा 'निरंक' लिहिलं होतं.
ते खोडलं.
तक्ता परत येईल, ठाऊक आहे,
लाल शेरा मारून.
येऊ दे. बारा दिवस लागतीलच.